पट आणि आज्ञावली : शालेय संगणकशिक्षणाच्या इतिहासातील एक प्रकरण

ट्रॉम्बे हे नाव सामान्यतः अणुसंशोधनाशी निगडित आहे. १९५४ साली येथे अणुशक्तिविषयक आस्थापनेची उभारणी सुरू झाली आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. तथापि भारतीय संगणकाच्या इतिहासातही या स्थळाचे नाव कोरले गेले आहे. १९६९ च्या सुमारास येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात सिद्ध झालेल्या यंत्रास टीडीसी-१२, म्हणजे ‘ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर’, असेच नाव देण्यात आले. अशा यंत्रांशी संवाद साधणारे तज्ज्ञ त्या काळी मोजकेच होते. हा संवाद शाळकरी मुलास कसा शिकवावा, हा प्रश्न त्यानंतर बऱ्याच वर्षांनी उपस्थित झाला.

त्याच परिसरातील मानखुर्द येथे आज असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाने झाली. केंद्राच्या आरंभीच्या कार्यात डॉ. वि. गो. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. महानगरपालिकेच्या शाळांतील मुले विज्ञानात मागे पडतात, त्यास पुष्कळदा बुद्धीची नव्हे तर पुस्तकी भाषेची दुर्बोधता कारणीभूत असते. हा निष्कर्ष संगणकशिक्षणासही तंतोतंत लागू पडतो. कारण आज्ञावलीच्या बहुतेक भाषांचे शब्द इंग्रजी आहेत.

१९८४ साली केंद्र शासनाने ‘क्लास’ प्रकल्पाद्वारे निवडक शाळांत बीबीसी मायक्रो यंत्रे पाठविली. आधी यंत्र आणि मग विचार, असा हा क्रम होता. जेथे यंत्र पोहोचले नाही, तेथे शिक्षणही पोहोचले नाही. वस्तुतः निराळी दिशा १९६७ सालीच अमेरिकेत दाखविली गेली होती. सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग व सिंथिया सॉलोमन यांनी ‘लोगो’ ही मुलांसाठीची भाषा रचली. पुढे तिच्या आज्ञांनी जमिनीवर चालणारे यांत्रिक कासव आले. कासव कोठे वळेल हे समजण्यासाठी मूल स्वतःच कासव होऊन चालून पाही. यंत्रावाचूनही आज्ञेचा अर्थ कळतो, याचे बीज येथेच आहे.

मग आपल्याकडील पटांचे काय? सारीपाटाच्या चार पट्ट्यांत प्रत्येकी २४ अशी ९६ घरे असतात. मोक्षपटात शिड्या व साप असतात. ‘शिडीच्या पायथ्याशी आलास तर वर जा’ हा नियम आज्ञावलीतील अटीचे चोख उदाहरण होय. परंतु एवढ्यावरून मोक्षपट खेळणारा मुलगा आज्ञावली शिकतो असे म्हणणे चुकीचे ठरेल. तेथे दान सोंगटीला चालविते. खेळाडूने ठरवावे असे काहीच उरत नाही. सारीपाटात कोणती सोंगटी हलवावी हा निर्णय खेळाडूचा असतो. तथापि तोही दान पडल्यानंतरचा. आज्ञावलीचे मर्म मात्र याहून वेगळे, म्हणजे चाल होण्यापूर्वीच तिचा संपूर्ण क्रम लिहून ठेवण्यात आहे.

हा भेद ‘रोबोट टर्टल्स’ या पटाने स्पष्ट केला. डॅन शपिरो यांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला आणि लोकवर्गणीतून त्यास सहा लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. त्यात फासा नाही. मूल ‘पुढे’, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ असे पत्ते मांडते व प्रौढ व्यक्ती निमूटपणे त्याप्रमाणे कासव हलविते. चूक झाल्यास मूल ती स्वतः मागे घेते. वारंवार लागणारा आज्ञासमूह बेडकाच्या एका पत्त्याने दर्शविता येतो. पत्त्यांवर चित्रे असल्याने भाषेचा अडसरही उरत नाही. हेच तत्त्व साध्या चौकटींच्या कागदावर राबविता येते : ‘दोन घरे पुढे, मग उजवीकडे वळ’ ही जोडी चारदा दिली की सोंगटी चौरस पुरा करून मूळ घरी परतते. पुनरावृत्ती या संकल्पनेचे याहून सोपे दर्शन क्वचितच घडेल.

यंत्राविना संगणकविज्ञान शिकविण्याची पद्धत न्यूझीलंडमध्ये टिम बेल प्रभृतींनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात विकसित केली होती. भारतात २०१६ पासून ‘सीएसपाठशाला’ या उपक्रमाने तिचा प्रसार आरंभिला. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून निघालेल्या ‘कॉम्प्युटर मस्ती’ या पाठ्यपुस्तकमालेनेही विचारकौशल्यावर भर दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व टप्प्यावर आज्ञालेखनाचा समावेश सुचविला.

पटास मर्यादा आहेतच. पत्ते हलविणारा माणूस मुलाचा हेतू ओळखून चूक नकळत सांभाळून घेतो. यंत्र तसे करीत नाही. म्हणून पट हा यंत्राचा पर्याय नव्हे, तर त्याची पूर्वतयारी होय. परंतु ज्या शाळेत यंत्र नाही, तेथील मुलास विचारापासून वंचित ठेवण्याचे कारणही मग उरत नाही. या इतिहासाचे सार एवढेच की, आज्ञा कोणी पाळावयाची हे शिकविण्याआधी ती कशी द्यावयाची हे शिकविले पाहिजे. आणि त्यासाठी एक चौकटींचा कागद व एक सोंगटी पुरेशी आहे.