टोलसदृश ग्राही-४ (टीएलआर-४)

उपजत प्रतिकारक्षमतेतील पेशीपटलस्थ प्रथिन. ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या बाह्यपटलातील लायपोपॉलिसॅकराइड ऊर्फ अंतर्विष ओळखून दाह व ताप सुरू करणे, हे याचे मुख्य कार्य. एककेंद्रकी व महाभक्षी पेशींवर विशेषत्वाने आढळते.

अंतर्विष : ही कल्पना रिखार्ट फायफर यांनी १८९२ च्या सुमारास बर्लिन येथे पटकीच्या जीवाणूंवरील प्रयोगांतून मांडली. रेणूचे तीन भाग : बाहेरची ओ-शृंखला, मधला शर्करागाभा व पटलात रुतलेले मेद-ए. ओ-शृंखला जीवाणूगणिक बदलते. मेद-ए फारसे बदलत नाही, कारण त्यावाचून बहुतेक ग्रॅम-ऋण जीवाणूंना बाह्यपटल उभारता येत नाही. ग्राही नेमका हाच भाग ओळखतो.

ओळखीची रीत : रक्तातील एलबीपी हे प्रथिन अंतर्विषाचे सुटे रेणू सीडी-१४ या प्रथिनाकडे सोपवते. तेथून ते टीएलआर-४ ला बिलगलेल्या एमडी-२ या प्रथिनाच्या खोबणीत जातात. ई. कोलायच्या मेद-एला सहा मेदाम्ल-साखळ्या असतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनेनुसार पाच साखळ्या खोबणीत बसतात, सहावी बाहेर राहून शेजारच्या टीएलआर-४ ला टेकते. असे दोन ग्राही जुळले की पेशीत संदेश जातो.

शोध : या शोधाचे खरे श्रेय उंदरांच्या एका वाणाला द्यावे लागते. सी३एच/एचईजे वाणाचे उंदीर इतरांना मारक ठरणारी अंतर्विषाची मात्रा सहज पचवत. साल्मोनेलाच्या संसर्गाला मात्र चटकन बळी पडत. विष न बाधणे आणि जीवाणू न ओळखता येणे ही एकाच दोषाची दोन रूपे आहेत, हे या उंदरांनी दाखवले. दोष चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे ठाऊक होते. जनुक सापडत नव्हते. ब्रूस बॉइटलर यांच्या डॅलस येथील गटाने अनेक वर्षे तो पट्टा पिंजून काढून १९९८ मध्ये ते ओळखले. ७१२ व्या स्थानी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन, एवढाच तो फरक. सी५७बीएल/१०एससीसीआर या दुसऱ्या प्रतिरोधी वाणात तर हे जनुकच गळालेले आढळले, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही. त्याच सुमारास टीएलआर-२ हाच अंतर्विषाचा ग्राही असल्याचे दावे झाले होते. त्यांमागे नमुन्यांतील लायपोप्रथिनांची भेसळ असल्याचे पुढे दिसून आले.

त्याआधी १९९६ मध्ये झूल्स हॉफमन यांच्या स्ट्रासबूर येथील गटाने टोल जनुकाचे फळमाशीच्या बुरशीविरोधी संरक्षणातील कार्य दाखवले होते. अशा ग्राहींचे भाकीत चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये केले होते. मानवी टोलसदृश प्रथिनाचे कार्य त्यांनी व रुस्लान मेझितोव यांनी १९९७ मध्ये मांडले. २०११ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा बॉइटलर व हॉफमन यांना मिळाला. श्रेयवाटपाबाबत मतभेद आहेत.

जीवाणूंची चकवणूक : १८९६ मध्ये मुंबईत पोहोचलेल्या प्लेगचा जीवाणू, यर्सिनिया पेस्टिस, पिसवेच्या शरीरातील कमी तापमानाला सहा साखळ्यांचे मेद-ए बनवतो, ३७° से. ला मुख्यत्वे चार साखळ्यांचे. ते मानवी ग्राहीला जवळजवळ जाणवत नाही. याच तापमानाला सहा साखळ्या बनवणे भाग पाडलेला जीवाणू उंदरांत निष्प्रभ ठरला.

इतर ग्राही : टीएलआर-२ लायपोप्रथिने, टीएलआर-५ फ्लॅजेलीन व नॉड-२ पेप्टिडोग्लायकनचे तुकडे ओळखतो.

औषधोपयोग : एमडी-२ ची खोबणी अडवणारे इरिटोरान तीव्र सेप्सिसच्या रुग्णांना देऊन पाहण्यात आले, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याने मृत्युदर घटला नाही.