सिद्दीची मुंबईवरील स्वारी

सिद्दीची मुंबईवरील स्वारी : (१६८९–९०). जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान याने मोगल पातशाहीच्या वतीने इंग्लिश ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई बेटावर अचानक केलेली चढाई व त्यानंतर सु. एक वर्षाहून अधिक काळ चालविलेला वेढा. बंगालमध्ये सुरू झालेले आणि पश्चिम किनाऱ्यावर जहाजांच्या जप्तीपुरते मर्यादित असलेले कंपनी–मोगल युद्ध या स्वारीमुळे कंपनीच्या मुख्य आरमारी ठाण्यावर येऊन ठेपले. इंग्रजांचा मुंबईतील अंमल संपुष्टात येण्याचा प्रसंग त्यावेळी ओढवला होता.

पोर्तुगीजांनी १६६१ च्या विवाहतहान्वये मुंबई इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास दिली व १६६८ मध्ये त्याने ती वार्षिक दहा पौंड खंडाने कंपनीकडे सोपविली. जेरल्ड आँजिअर याच्या कारकीर्दीत (१६६९–७७) येथे व्यापारी वस्ती वाढली. तथापि संरक्षणाचा खर्च कंपनीच्या संचालकांना नेहमीच जड वाटे. शिबंदीच्या वेतनात व संख्येत केलेल्या काटकसरीमुळे असंतोष माजून १६८३ मध्ये कॅप्टन रिचर्ड केग्विन याच्या नेतृत्वाखाली बंड झाले व सु. एक वर्ष मुंबई कंपनीच्या हाती राहिली नाही. बंड शमल्यावरही शिबंदीची स्थिती विशेष सुधारली नाही. असे असता १६८७ च्या सुमारास कंपनीने पश्चिम भारतातील आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले. आरमारही येथेच आले. समुद्रावर बलिष्ठ, परंतु जमिनीच्या बाजूने दुबळे असे हे ठाणे होते.

सिद्दींना या बेटाची माहिती नव्याने करून घ्यावयाची नव्हती. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकापासून जंजिऱ्याचे सिद्दी मोगलांचे आरमारप्रमुख म्हणून पश्चिम किनाऱ्यावर मराठ्यांशी लढत होते. पावसाळ्यात त्यांची गलबते अनेकदा माझगावच्या किनाऱ्यावर नांगरून पडत. सुरतेच्या मोगल सुभेदाराचा रोष नको म्हणून कंपनी हे सहन करी. तर सिद्दीला आश्रय दिल्याबद्दल मराठे कंपनीस जाब विचारीत. सिद्दीच्या लोकांना मुंबईची पूर्वेकडील खाडी, उतार आणि वस्त्या परिचित झाल्या त्या या मुक्कामांतून. सिद्दी कासीम यास औरंगजेबाने ‘याकूतखान’ हा किताब दिला होता. जुन्या इंग्रजी ग्रंथांत त्याचे नाव ‘याकूब’ असेही आढळते.

युद्धाचे मूळ मात्र मुंबईत नव्हते. लंडनमधील संचालक सर जोसाया चाइल्ड याने व्यापारी सवलती अर्जविनंत्यांऐवजी शस्त्रबळाने मिळविण्याचे धोरण स्वीकारले. जकात व अधिकाऱ्यांचा जाच यांवरून १६८६ मध्ये बंगालमध्ये हुगळी येथे चकमकी उडाल्या. मुंबईत गव्हर्नर असलेल्या सर जॉन चाइल्ड याने पश्चिम किनाऱ्यावर मोगल प्रजेची जहाजे पकडण्यास सुरुवात केली. (दोघांचे आडनाव एक असल्याने पूर्वीच्या काही लेखकांनी त्यांना भाऊ मानले. ते बरोबर नाही.) उत्तरादाखल १६८८ च्या अखेरीस सुरतेच्या सुभेदाराने बार्थॉलोम्यू हॅरिस व सॅम्युएल ॲन्स्ली या कंपनीच्या अधिकाऱ्यांस कैद केले. याच सुमारास चाइल्डने दंडा-राजपुरी येथील सिद्दीच्या सैन्यासाठी धान्य घेऊन जाणारी गलबते अडकवून ठेवली. सिद्दीने ती सोडण्याची मागणी केली व नकार मिळाल्यास मुंबईवर चालून येण्याचा इशाराही दिला. चाइल्डने त्यास उद्धट उत्तर दिले, असे अलेक्झांडर हॅमिल्टन हा समकालीन नाविक सांगतो. हॅमिल्टन चाइल्डचा कट्टर विरोधक असल्याने त्याचे कथन सावधपणे घ्यावे लागते. तथापि पूर्वसूचना असूनही बेटाच्या बंदोबस्तात वाढ झाली नाही, हे पुढील घटनांवरून दिसते.

१६८९ च्या पूर्वार्धात एका मध्यरात्री सिद्दीचे सैन्य शिवडी येथे उतरले. हॅमिल्टन त्याची संख्या २०,००० देतो, पण ती बरीच अतिशयोक्त असावी. शिवडीच्या लहानशा चौकीवरील पहाऱ्याने इशाऱ्याची एक तोफ उडविली व ठाणे सोडले. कोटातून तीन तोफांचे बार होताच बाहेरच्या वस्तीतील स्त्रिया व मुले अंगावरच्या वस्त्रांनिशी कोटाकडे धावली. दुसऱ्या दिवशी सिद्दी माझगाववर आला. तेथील किल्ल्याची शिबंदी इतक्या घाईने पळाली, की पैशाच्या पेट्या, शस्त्रे व दारूगोळा मागेच राहिला. सिद्दीने माझगावला आपले मुख्य ठाणे केले. माहीमचा किल्लाही प्रतिकाराविना पडला. सिद्दीला हुसकावण्यासाठी पाठविलेल्या लहानशा तुकडीचा पराभव झाला. अल्पावधीतच कोट आणि त्याच्या दक्षिणेकडील चिंचोळा प्रदेश वगळता सर्व बेट सिद्दीच्या ताब्यात गेले.

बॉम्बे कॅसल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोटाच्या तोफा मुख्यतः बंदराच्या रक्षणासाठी होत्या. उत्तरेकडील डोंगरीची टेकडी कोटाहून उंच होती. सिद्दीने तेथे मोर्चे बांधून तोफा डागण्यास सुरुवात केली, तसेच जकात कचेरी व कोटालगतची घरेही मोर्चांसाठी वापरली. कंपनीची जहाजे समुद्रावर मोकळी असल्याने कोटाची पूर्ण कोंडी मात्र झाली नाही. कंपनीने मराठी मुलखातून सैनिक भाड्याने घेतले. हॅमिल्टन त्यांची संख्या ३,००० देतो. त्यांच्यामुळे कोटाचा बचाव झाला, परंतु पावसाळ्यात धान्याची टंचाईही वाढली. याच वर्षी ११ मार्च रोजी संभाजी महाराजांचा वध झाला व नोव्हेंबरमध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला. अशा वेळी मराठी सैनिक कंपनीच्या पदरी सिद्दीविरुद्ध लढत होते, ही बाब लक्षणीय आहे. उलटपक्षी कंपनीचे अनेक यूरोपीय सैनिक पगार, उपासमार व वरिष्ठांची वागणूक यांना कंटाळून सिद्दीच्या छावणीत गेले. वेढ्यात सापडलेल्या एका सैनिकाची रोजनिशी २०१६ मध्ये संपादित होऊन प्रसिद्ध झाली. तीमुळे या फितुरीवर अधिक प्रकाश पडला आहे.

पावसाळ्यानंतर कंपनीच्या जहाजांनी मोगलांची गलबते पकडणे पुन्हा सुरू केले, परंतु बेटावरील पारडे फिरले नाही. अखेर १६८९ च्या डिसेंबरमध्ये जॉर्ज वेल्डन व अब्राहम नवारो या वकिलांस औरंगजेबाकडे क्षमायाचनेसाठी पाठविण्यात आले. पातशहालाही तडजोड नको होती असे नाही. मक्केच्या यात्रेकरूंची वाहतूक व सुरतेचा व्यापार इंग्रजी जहाजांच्या उपद्रवातून मुक्त होणे त्यास आवश्यक वाटत होते, आणि त्याचे सैन्य मराठ्यांशी लढण्यात गुंतले होते. १६९० च्या फर्मानान्वये कंपनीस पूर्वीप्रमाणे व्यापाराची परवानगी मिळाली. मात्र दीड लाख रुपये दंड, लुटलेल्या मालाची भरपाई आणि जॉन चाइल्डची हकालपट्टी या अटी मान्य कराव्या लागल्या. फर्मान हाती पडण्यापूर्वीच, ४ फेब्रुवारी १६९० रोजी, चाइल्ड मुंबईत मरण पावला. जूनमध्ये सिद्दी माझगावचा किल्ला जाळून परत गेला.

मुंबईची या युद्धात अतोनात हानी झाली. माझगाव, परळ, माहीम, शिवडी या भागांतील कोळी, भंडारी, कुणबी इ. रहिवाशांच्या वस्त्या व शेती वर्षभर शत्रूच्या ताब्यात होत्या. युद्धाचा निर्णय ज्यांनी घेतला नव्हता, त्यांनाच त्याची सर्वाधिक झळ पोहोचली. पाठोपाठ रोगराईने ग्रासलेल्या मुंबईचे वर्णन १६९० मध्ये येथे आलेल्या जॉन ऑव्हिंग्टन या धर्मोपदेशकाने केले आहे. रुस्तमजी दोराबजी या पारशी गृहस्थाने कोळ्यांची फौज उभारून सिद्दीस पिटाळले व त्याबद्दल त्यास कोळ्यांची पाटीलकी मिळाली, अशीही हकीकत प्रसिद्ध आहे. ती सामान्यतः १६९२ मधील मानली जाते व प्रामुख्याने परंपरेवर आधारलेली आहे. सिद्दीस साहाय्य केल्याचा आरोप जेझुइट पंथीयांवर ठेवण्यात आला. त्यांची परळ येथील वास्तू पुढे कंपनीकडे गेली. ती गव्हर्नरांचे निवासस्थान झाली आणि १८९९ मध्ये तेथे आजची हाफकिन संस्था आली.

जुन्या इंग्रज इतिहासकारांनी या प्रकरणाकडे मुख्यतः चाइल्डच्या हट्टीपणाची कथा म्हणून पाहिले. प्रत्यक्षात कंपनीच्या एकंदर धोरणाचाच हा पराभव होता. हल्ला अकस्मात झाला तो कंपनीला वार्ता नव्हती म्हणून नव्हे. समुद्रावर अडवणूक करणारास जमिनीवर उत्तर मिळेल, याची दखल तिने घेतली नव्हती म्हणून. नंतर दीर्घकाळ कंपनीने मोगलांशी उघड युद्ध टाळले. बंगालमध्येही तडजोड होऊन १६९० च्या ऑगस्टमध्ये जॉब चार्नॉक सुतानुटी येथे परतला व कलकत्त्याच्या वाढीस आरंभ झाला. मुंबईत गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात (१७१५–२२) शहराभोवतीचा तट पूर्णत्वास गेला. कोटावर मारा होऊ शकणारी डोंगरीची टेकडी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात छाटून तेथे फोर्ट जॉर्ज बांधण्यात आला (१७६९). तोही १८६२ च्या सुमारास पाडला गेला. माझगावच्या किल्ल्याच्या जागी भंडारवाडा टेकडीवर जलाशय व जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे. शिवडीचा किल्ला मात्र खाडीकाठी अद्याप उभा असून, सिद्दीचे सैन्य ज्या बाजूने बेटावर उतरले तो किनारा तेथून दिसतो.