हारीती : लेकरांची राखणदार



आपल्याकडे बाळ जन्मलं की सटवाई पुजतात. श्रावणात जिवतीचा कागद भिंतीला लावतात. लेकरं राखणारी अशीच एक जुनी देवी आहे, हारीती. तिला बौद्ध मानतात, हिंदूही मानतात.

हारीती राजगृहाची, म्हणजे आजच्या बिहारमधल्या राजगीरची यक्षिणी. जिवतीच्या कागदावरची जरासुद्धा महाभारतात राजगृहाचीच राक्षसीण आहे. कथा अशी, की हारीतीला पाचशे लेकरं होती, पण ती दुसऱ्यांची लेकरं पळवून खायची. लोक गौतम बुद्धांकडे गेले. बुद्धांनी तिचं धाकटं पोर भिक्षापात्राखाली लपवलं. ती शोधून शोधून थकली आणि रडत त्यांच्याकडे आली. बुद्धांनी विचारलं, पाचशेतलं एक दिसेना तर तुझी ही गत, मग जिचं एकुलतं एक गेलं तिचं काय होत असेल? हारीतीला उमगलं. पण तिनंही विचारलं, आता माझी लेकरं खातील काय? बुद्धांनी शब्द दिला, आमच्या विहारात रोज तुमचा वाटा निघेल.

हा शब्द पाळला गेला. सातव्या शतकात चीनहून आलेल्या इत्सिंग या भिक्षूनं लिहून ठेवलंय, की विहारात मूल घेतलेली हारीती असायची आणि तिच्यापुढे रोज अन्न ठेवायचे.

आपल्या अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात ती नवऱ्यासोबत, पांचिकासोबत बसली आहे. मांडीवर मूल आहे. खाली पोरांची शाळा कोरली आहे. पुढची अभ्यास करतात, मागची एडक्यांच्या झुंजी लावतात! अजिंठ्याला गेलात तर उजव्या हाताचं हे छोटं देऊळ चुकवू नका.

नेपाळात काठमांडूच्या स्वयंभू स्तूपाजवळ तिचं मंदिर आहे. नेवार लोक तिला अजिमा, म्हणजे आजी म्हणतात. हिंदू तिलाच शीतला मानतात. पूर्वी देवीची साथ आली की आया तिला साकडं घालत. त्या रोगाला आपणही ‘देवी’च म्हणायचो. म्हाताऱ्या बायकांच्या दंडावर टोचल्याची खूण अजून दिसते. लशीमुळंच तो रोग हटला. १९८० साली तो जगातून गेल्याचं जाहीर झालं.

आम्हा गटातल्या बायकांना या कथेतलं एक फार पटतं. बुद्धांनी हारीतीला नुसतं शहाणपण सांगितलं नाही, तिच्या लेकरांच्या पोटाचीही सोय केली. आपल्या शिवारात ऊसतोडीला, वीटभट्टीला आलेल्या बायांची लेकरं असतात. त्यांची नावं अंगणवाडीत आहेत का? त्यांना आहार मिळतो का? लशी झाल्यात का? येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की हे विचारू, आणि दोघीजणी त्यांच्या पालावर जाऊन येऊ.