आधी अभ्यास, मग निर्णय

शाळेत प्रत्येक धड्याखाली ‘स्वाध्याय’ असायचा आणि मी तो मित्राच्या वहीतून उतरवायचो. त्या शब्दाशी पुन्हा गाठ पडली ती सूरजागडला.

एटापल्ली तालुक्यातल्या या डोंगरावर ठाकूरदेव आहे. दर जानेवारीत यात्रेला आसपासच्या गावांतून माडिया माणसं येतात. याच डोंगरात लोहखनिज आहे आणि 2007 साली त्यातलं सुमारे 348 हेक्टर क्षेत्र खाणीसाठी भाडेपट्ट्याने दिलं गेलं. मी गेलो तेव्हा माझं मत तयार होतं: खाण नको. सोबतच्या मित्राने विचारलं, “तुझ्या घराच्या स्लॅबमधलं लोखंड कुठल्या डोंगरातलं?” मला उत्तर देता आलं नाही. मतही उतरवलेलंच होतं.

पतंजलीच्या योगसूत्रांत तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान मिळून क्रियायोग होतो. स्वाध्याय म्हणजे डोळे मिटून स्वतःला न्याहाळणं, असं आपण समजतो. व्यासभाष्यातला अर्थ वेगळा आहे: ओंकारासारख्या पवित्र मंत्रांचा जप किंवा मोक्षशास्त्राचं अध्ययन. म्हणजे आधी समोर काहीतरी ठेवून अभ्यास करायचा. स्वतःकडे पाहायचं ते त्याच्या उजेडात.

विनोबांनी हा अभ्यास चारचौघांत आणला. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात ते सोबतच्या कैद्यांपुढे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. पुढे 1951मध्ये भूदान आणि त्यातून ग्रामदान आलं. गावाने सर्वांच्या संमतीने चालावं, हा विनोबांचा आग्रह होता.

त्या विचाराचा धागा गडचिरोलीतच, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात सापडतो. तिथे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने अभ्यासगट चालले. अभ्यासगटात फक्त समजून घ्यायचं, प्रश्न विचारायचे. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. अशा गावाला 2009मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, 2011मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळाला आणि 2013मध्ये गावाने ग्रामदान केलं.

मेंढ्याने हे योगसूत्रांतून घेतलं, असं मी म्हणत नाही. पण एकट्याने आत पाहताना माणूस स्वतःला सहज फसवतो, हे मला सूरजागडला कळलं होतं. शेजारी बसून “तुला हे कशावरून माहीत?” असं विचारणारं कोणी असलं, की ती फसवणूक टिकत नाही.

खाणीबद्दल माझं मत आजही बदललेलं नाही. पण आता ते मांडण्याआधी मी वनहक्क कायदा वाचतो, डोंगराखालच्या गावांतल्या माणसांचं ऐकतो. त्यात खाणीत नोकरी मिळालेले असतात, तसेच ठाकूरदेवाला जाणारेही. काही घरांत दोन्ही एकाच माणसात असतात. त्या माणसापुढे बसलं की माझं तयार उत्तर अपुरं पडतं आणि माझा स्वाध्याय तिथून पुढे सुरू होतो.