गिरणीचा भोंगा आणि शाळेची घंटा

उन्हाळ्यात परीक्षा आटोपल्या, की खेड्यातल्या शिक्षकाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "गुरुजी, पोरगं पंधराचं झालं. आता दिवसभराच्या कामाला लावलं तर चालतं का हो?" उत्तर मी देणार आहेच. पण त्याआधी जरा मुंबईच्या गिरण्यांकडे चला, कारण वयाचा हा वाद आपल्याकडे कायद्यात आला तो तिथून.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. पुढच्या पंचवीस वर्षांत गिरण्या वाढल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसं आली. त्यांच्याबरोबर पोरंही आली. भरलेल्या बाबिणी काढायच्या, रिकाम्या लावायच्या, हे काम लहान हातांना जमतं, शिवाय स्वस्तात होतं. विजेचे दिवे नव्हते, तेव्हा दिवस उजाडला की काम सुरू आणि मावळला की बंद.

१८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालचं मूल कामावर घ्यायचं नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ९ तासांहून जास्त राबवायचं नाही. आता हा कायदा निव्वळ कणवेपोटी आला असं मात्र समजू नका. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईचं स्वस्त सूत डोळ्यांत खुपत होतं, आणि कायद्यासाठी त्यांचाही रेटा होता. पण हेतू कसाही असो, सात वर्षांच्या पोराने नऊ तास काम करणं सरकारदरबारी रास्त ठरलं, एवढं खरं.

आणि बरोबर पुढच्याच वर्षी, १८८२ साली, जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. बारा वर्षं दोन्हीकडे आली, पाहा! कायदा म्हणतो, बारापर्यंत नऊ तास गिरणीत. जोतीराव म्हणतात, बारापर्यंत शाळेत. सरकारने कायदा चालवला आणि मागणी बाजूला ठेवली. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि रविवारच्या सुट्टीसाठी साडेपाच हजार कामगारांच्या नावानिशी अर्ज केला. सुट्टी मिळायला १८९० साल उजाडलं.

१८९१ साली कामाचं किमान वय नऊ झालं, आणि चौदापर्यंत ७ तासांची मर्यादा आली. पण वय ठरवायचं कसं? जन्माचा दाखला कुणाकडे होता? मग डॉक्टर पोराचे दात बघायचा, उंची बघायचा आणि वय लिहायचा. तास कमी झाले तरी एकच पोर एका वेळेला एका गिरणीत आणि दुसऱ्या वेळेला दुसऱ्या नावाने दुसऱ्या गिरणीत, असंही चालायचं. आईबापांना नावं ठेवणं सोपं आहे. त्या चार पैशांवर घरची चूल पेटत होती, आणि पोर पाठवावं म्हटलं तर शाळा तरी कुठे होती?

१९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी नवा कारखाना कायदा होऊन कापडगिरण्यांतल्या मुलांचे तास सहावर आले. कारखान्याचा कायदा झाला. गोखल्यांचं विधेयक १९१२ च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. म्हणजे पोराला गिरणीतून लवकर सोडायची सोय झाली, पण सुटून जायचं कुठे, याची नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर न पाठवणाऱ्या पालकाला दंडही ठेवला.

पुढचं थोडक्यात सांगतो. किमान वय १९२२ साली बारा झालं, १९४८ साली चौदा. पंधरा पुरं झालेल्याला डॉक्टरचा दाखला असला तर १९४८ च्या कायद्याने कारखान्यात मोठ्या माणसाइतकं काम करता येई. राज्यघटनेने चौदाखालच्यांना कारखाने आणि खाणी बंद केल्या, आणि दहा वर्षांत सर्वांना चौदापर्यंत शिक्षण देण्याचा संकल्प केला. त्या शिक्षणाचा हक्क प्रत्यक्ष अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. दहाची साठ झाली!

आता त्या पंधरा वर्षांच्या पोराचं. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ साली सुधारला. त्याप्रमाणे चौदाखाली नोकरी नाहीच. घरच्या कामात मदत चालते, तीही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि काम धोक्याचं नसेल तर. चौदा ते अठरा वयाला खाणी, स्फोटक पदार्थ आणि धोक्याची कामं बंद. दुकानात, खाणावळीत ठेवलं तर सलग ३ तासांवर काम नाही. मध्ये तासभर विश्रांती, आणि ती धरून सगळे मिळून ६ तासच. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. आठवड्याला एक सुट्टी. तेव्हा गुरुजी, दुकानदार "सकाळी आठ ते रात्री दहा" म्हणाला, तर ते कायद्यात बसत नाही, असं त्या बापाला खुशाल सांगा.

आणि दिवाळीनंतर बैलगाडीत नाहीतर ट्रकमध्ये बसून आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणारं पोर? त्याला कुणी नोकरीवर ठेवलेलं नसतं. हजेरीपटावर नाव असतं, आणि ते फडात मोळ्या बांधत असतं. घरच्या कामात मदत, असंच कुणीही म्हणेल. पण शाळेच्या वेळेतलं ते काम कायद्यातल्या त्या सवलतीत बसत नाही, आणि तिथे वय बघायला डॉक्टरही येत नाही. त्याची जन्मतारीख लिहिलेली असते ती तुमच्या शाळेच्या रजिस्टरात.