गृहत्याग क्रिया आणि घरातल्या बाईचा वाटा



नोकरदार माणसाला ५८व्या किंवा ६०व्या वर्षी निवृत्तीचा कागद हातात मिळतो. दुकानदाराला, शेतकऱ्याला तो कोणी देत नाही. तिजोरीच्या किल्ल्या कधी सोपवायच्या, कोणाला, आणि सोपवल्यावर आपण दोघांनी कशावर राहायचं, हे त्याच्या घरातच ठरायचं असतं. आपल्या समाजातली बरीच घरं व्यापाराची किंवा शेतीची. म्हणून पूर्वीची माणसं हे कसं ठरवत, ते मी स्वाध्यायाच्या निमित्ताने शोधत गेले. निवृत्तीचं नियोजन हा पेन्शनबरोबर आलेला नवा विषय वाटतो, पण आपल्या शास्त्रांत तो अकराशेहून अधिक वर्षांपूर्वी पायऱ्या पाडून लिहिलेला आहे.

अकरा प्रतिमा आपण पाठशाळेत पाठ केल्या आहेत. त्यातल्या शेवटच्या प्रतिमा घराच्या हिशेबाने पुन्हा वाचून पाहा. आठवी आरंभत्याग : नोकरी, शेती, व्यापार थांबवायचा. नववी परिग्रहत्याग : धनावरचा हक्क सोडायचा. दहावी अनुमतित्याग : घरच्या आणि धंद्याच्या कामात संमतीसुद्धा द्यायची नाही. आधी काम सुटतं, मग पैसा, आणि सगळ्यात शेवटी शब्द. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटला. आज किती घरांत उलटं होतं! मालमत्ता वडिलांच्याच नावावर असते, पण त्यांना विचारणं कधीच बंद झालेलं असतं. किंवा मुलगा पन्नाशीला आला तरी सही वडिलांचीच, आणि मग दोघांचेही दिवस कुरबुरीत जातात.

याहून तपशिलात हे आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात सापडतं. ९व्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात लिहिलेला हा ग्रंथ. त्याच्या ३८व्या पर्वात गर्भान्वयाच्या ५३ क्रिया सांगितल्या आहेत. नामकर्म, उपनीती, विवाह आपल्याला माहीत असतात. विवाहानंतरची वर्णलाभ क्रिया म्हणजे वडिलांनी मुख्य श्रावकांच्या साक्षीने मुलाला धन देऊन वेगळं घर करून देणं. पुढे प्रशांती क्रियेत घराचा भार पेलू शकेल अशा मुलावर संसार सोपवायचा आणि स्वतः स्वाध्याय, उपवासात शांतपणे राहायचं. मग २२वी क्रिया गृहत्याग. ज्यांना आपण मानतो त्यांना बोलावून, त्यांच्यासमोर थोरल्या मुलाला घर सोपवायचं आणि धनाचे तीन भाग सांगायचे : एक धर्मकार्याला, एक घरखर्चाला आणि एक मुलांमध्ये वाटायला.

त्या तिसऱ्या भागाबद्दल जिनसेनाचार्य काय सांगतात? मुलींनाही मुलांच्या बरोबरीने समान वाटा. हे ९व्या शतकात! ‘मुलीला लग्नात दिलं, आता तिचं काय?’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक घरात हे पर्व एकदा मोठ्याने वाचायला हवं.

आता थोडं अवघड बोलते. या तीन भागांत पत्नीचा भाग वेगळा सांगितलेला नाही. ती घरखर्चाच्या भागात आली असं आपण समजून घ्यायचं. नवरा उदासीन झाला, घर मुलाच्या हाती गेलं, की तिचं औषधपाणी, तिची तीर्थयात्रा, तिच्या हातून होणारं दान, सगळं मुलाच्या आणि सुनेच्या मनावर. जुन्या घरांत याला कुणाचा आक्षेप नसे, पण तिला कुणी विचारतही नसे.

नवऱ्यामागे उरलेल्या बाईचं काय, हा प्रश्न मात्र एकदा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. १८७८ साली शिवसिंग राय विरुद्ध दाखो या खटल्यात उत्तर हिंदुस्थानातल्या सरावगी अग्रवाल जैनांची रूढी पुराव्यानिशी मांडली गेली. निपुत्रिक विधवेला पतीच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर पूर्ण मालकी मिळते आणि पतीची परवानगी नसतानाही ती दत्तक घेऊ शकते, असं न्यायालयाने त्या रूढीवरून मान्य केलं. त्या काळी इतर हिंदू विधवांना बहुधा हयातीपुरताच उपभोग मिळत असे. म्हणजे आपल्याच समाजात बाईच्या मालकीची एक जुनी रीतही होती.

१९५६च्या हिंदू वारसा कायद्याने, जो जैनांनाही लागू आहे, मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा दिला. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा वाटा पतीच्या मृत्यूच्या वेळी त्याच्या नावावर जे उरलं असेल त्यातला. त्याने जिवंतपणीच स्वतःची सगळी मिळकत बक्षीसपत्राने मुलांच्या नावे केली, तर वारसा घ्यायला काही उरतच नाही. त्याग त्याने केला आणि हात रिकामे झाले तिचे.

म्हणून मला सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांचं उदाहरण अभ्यासण्यासारखं वाटतं. संपत्ती धर्मकार्याला लावावी, अशी तीव्र इच्छा त्यांना १९४० साली झाली. लगेच सही करून ते मोकळे झाले नाहीत. देशभर फिरून त्यांनी विद्वानांची मतं घेतली, काही लेखी मागवली. १९४१च्या उन्हाळ्यात गजपंथा क्षेत्री विद्वानांना एकत्र बोलावून विचार केला, जैन संस्कृती संरक्षक संघ स्थापन केला आणि ३०,००० रुपये जाहीर केले. पुढे १९४४ साली सुमारे २,००,००० रुपयांची सगळी संपत्ती संघाला ट्रस्टरूपाने दिली. आपल्या कितीतरी घरांत असलेली जीवराज जैन ग्रंथमालेची पुस्तकं ही त्या निर्णयाची फळं. १९५७च्या जानेवारीत त्यांचं समाधिमरण झालं. आधी विचारणं, मग थोडं देणं, मग सगळं देणं, आणि सगळं साक्षीने, कागदावर.

आपल्यालाही हीच रीत धरता येईल. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. श्रावकांच्या साक्षीची सवय आपल्याला आहेच. मुलांच्या नावे घर करताना देखभालीची अट कागदात लिहून घेतली असेल, तर २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली ती मोडल्यावर दाद मागता येते. व्यापाऱ्याच्या घरासाठी आणखी एक सोय आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४चा कायदा १९२३पासून आपल्याकडे जैनांच्या विमा पॉलिसींनाही लागू आहे. त्याखाली पत्नीच्या नावे काढलेल्या पॉलिसीचे पैसे तिच्यासाठी राखलेले असतात. एरवी नवऱ्याच्या धंद्याच्या देणेकऱ्यांचा हात त्याला लागत नाही.

शेवटी व्रताचीच गोष्ट. परिग्रह-परिमाण घेताना क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य अशी यादी करून मर्यादा ठरवतात. ही यादी आपण बायका कधी स्वतःच्या नावाने करतो का? जे आपलं आहे त्याचीच मर्यादा बांधता येते आणि तेच सोडता येतं. या दसलक्षणात उत्तम त्यागाच्या दिवशी दुपारी दोघांनी वही घेऊन बसा. जिनसेनाचार्यांचे तीन भाग लिहा, मुलींची नावं विसरू नका, आणि घरखर्चाच्या भागाखाली तुमचं स्वतःचं नाव आणि रक्कम वेगळी लिहा. मग ती वही मुलं, मुली, सुना, जावई यांना एकत्र बसवून वाचून दाखवा.