रुग्ण आपणहून येतो का?

क्षयरोग कार्यक्रमात एक मत गेली सहा दशके ठाण मांडून आहे. टीबीचा रुग्ण खोकल्याने, तापाने बेजार झाला की दवाखान्यात येतोच. तेव्हा सरकारने दवाखाना नीट चालवावा, थुंकीची तपासणी आणि औषधे चोख ठेवावीत. धडधाकट माणसांच्या गर्दीत रुग्ण हुडकत वस्त्या पालथ्या घालणे हा पैशाचा अपव्यय आहे. हे मत अज्ञानातून आलेले नाही. त्याच्यामागे अभ्यास आहे, अनुभव आहे आणि गरीब देशाच्या तिजोरीची काळजीही आहे. म्हणून त्याचे खंडन करायचे तर आधी त्याचे सगळे बळ मान्य करून करावे लागेल.

पूर्वपक्ष असा. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांचा तुमकूर जिल्ह्यातला अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला. पाहणीत सापडलेल्या रुग्णांची त्यांनी विचारपूस केली. बहुतेकांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि सुमारे निम्मे जण उपचारासाठी दवाखान्याची पायरी चढूनही आले होते. आलेल्यांनाच धड उपचार मिळत नसतील, तर न आलेल्यांना शोधायचे कशाला, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. पुढे १९७४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने फिरत्या वाहनांतून सरसकट छातीचे फोटो काढण्याचे धोरण सोडून द्यावे असे सांगितले. २०१३ साली झांबिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या २४ वसाहतींमधील ‘झॅमस्टार’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. वस्तीपातळीवर रुग्णशोध वाढवूनही तिथले रोगाचे प्रमाण घटले नव्हते. शोधमोहिमेच्या विरोधकांना याहून मोठा पुरावा कोणता हवा होता?

आता उत्तरपक्ष. पहिली गोष्ट, तुमकूरचा अभ्यास अर्धाच वाचला गेला. निम्मे रुग्ण दवाखान्यात गेले होते, याचाच अर्थ उरलेले निम्मे गेले नव्हते. आणि जे गेले, त्यांतल्या अनेकांची खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन बोळवण झाली होती. बॅनर्जींचा रोख आरोग्ययंत्रणेच्या या बेपर्वाईवर होता. माणसाला जाणवलेल्या दुखण्याला आधी दाद द्या, हे त्यांचे म्हणणे न्यायाचे होते आणि आजही आहे. पण ‘आलेल्याला परत पाठवू नका’ या मागणीतून ‘न आलेल्याकडे जाऊ नका’ असा आदेश निघत नाही. तो नंतरच्या धोरणकर्त्यांनी काढला.

दुसरी गोष्ट, रुग्ण आपणहून येतो हे गृहीतक भारताच्याच आकड्यांनी मोडीत काढले आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग प्रादुर्भाव सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील दर लाख लोकसंख्येत प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या टीबीचे ३१६ रुग्ण आढळले. टीबीची लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांनी कुठेच उपचार घेतलेला नव्हता. का, तर त्यांतल्या बहुसंख्यांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केले होते. पैसे नाहीत म्हणून गेलो नाही असे सांगणारे अगदी थोडे होते. उपचार फुकट केले म्हणजे रुग्ण येईल, हा हिशेब इथेच चुकतो. रोजावर जगणाऱ्या माणसाला खोकला हा आजार वाटत नाही. बिडीचा, धुळीचा, चुलीच्या धुराचा तो रोजचा सोबती असतो.

त्याच सर्वेक्षणाने याहून महत्त्वाची एक गोष्ट दाखवली. छातीचा एक्स-रे काढला नसता तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के हातून निसटले असते, कारण लक्षणांच्या प्रश्नावलीत ते बसतच नव्हते. आफ्रिका आणि आशियातील अशा सर्वेक्षणांचा एकत्रित आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यातही साधारण निम्म्या रुग्णांनी दीर्घ खोकल्यासारखी लक्षणे सांगितलेली नव्हती. ज्याला आपण आजारी आहोत हेच ठाऊक नाही, तो कितीही चांगल्या दवाखान्यात कशाला जाईल? दवाखाना सुधारल्याने या माणसाचा प्रश्न सुटत नाही. तो सुटायचा तर कोणीतरी त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

तिसरा मुद्दा झॅमस्टारचा. त्या चाचणीतली पद्धत पाहिली की तिच्या अपयशाचा अर्थ उलगडतो. तिथे वस्तीत जागृती केली, थुंकी देण्याची केंद्रे जवळ आणली, आणि लोकांनी पुढे यावे अशी अपेक्षा ठेवली. तपासणी होती सूक्ष्मदर्शकाखालची, जिला बेडक्यात जंतूंची संख्या भरपूर असल्याशिवाय ते दिसत नाहीत. म्हणजे इथेही रुग्णाची वाटच पाहिली गेली, फक्त थोडी जवळ बसून. आता तिच्याशेजारी व्हिएतनामच्या दक्षिण टोकाच्या का माउ प्रांतातली चाचणी ठेवा. तिथे कर्मचारी सलग तीन वर्षे, दरवर्षी एकदा, प्रत्येक प्रौढाच्या घरी गेले. खोकला आहे का हे न विचारता, ज्याला थुंकी देता येईल त्या प्रत्येकाची जनुकीय तपासणी केली. चौथ्या वर्षी मोजणी झाली तेव्हा या वस्त्यांत लाखामागे १२६ रुग्ण होते, तर अशी मोहीम न झालेल्या वस्त्यांत २२६. हे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. लक्षणांची अट काढली, तपासणी संवेदनशील केली आणि फेरी पुन्हा पुन्हा केली, की रोग हटतो. झॅमस्टार आणि का माउ यांच्यात विरोध नाही. अर्धवट शोधाने काय होते आणि पुऱ्या शोधाने काय होते, एवढेच त्या दोन्ही मिळून सांगतात.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो गणिताचा आहे. लाखात ३१६ रुग्ण असताना, ९९ टक्के निरोगी माणसांना अचूक निरोगी ठरवणारी तपासणी सरसकट केली तरी जवळपास हजार धडधाकट माणसांवर टीबीचा शिक्का बसेल. हे टाळायचे तर आधी एक्स-रे, त्यात संशय आला तरच जनुकीय तपासणी, अशी दुहेरी चाळणी हवी. समजा एक्स-रेने दहांपैकी नऊ निरोगी माणसे बाजूला काढली, तर तो हजाराचा आकडा शंभरावर येतो. त्यानंतरही दुसरा नमुना आणि डॉक्टरचा निर्णय लागतोच. ही साधने आज परकी राहिलेली नाहीत. हातात धरून नेण्याजोगी एक्स-रे यंत्रे आली आहेत, आणि बॅटरीवर चालणारे ‘ट्रूनॅट’ हे जनुकीय तपासणीचे यंत्र तर गोव्याच्या कंपनीचे आहे.

आणखी एक आक्षेप लोकलाजेचा. दारात क्षयाचा कर्मचारी उभा राहिला की शेजारी कुजबुजतात, मुलीचे लग्न मोडते, घरमालक खोली सोडायला सांगतो. ही भीती खरी आहे. पण ती वाढते ती निवडक घरे हेरण्याने. नाक्यावर गाडी उभी राहून गावातल्या सगळ्यांचाच एक्स-रे निघत असेल, तर रांगेत उभे राहण्यात कोणता डाग? झिंबाब्वेच्या हरारे शहरात दोन्ही पद्धती शेजारी ठेवून तपासल्या गेल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत घरोघर फिरण्यापेक्षा भोंगा लावून फिरणाऱ्या गाडीने अधिक रुग्ण गाठले.

इथवर खंडन झाले. आता मंडन करताना आपल्याही मोहिमांना सूट देता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात क्षयरुग्ण आणि कुष्ठरुग्ण शोधाचे संयुक्त अभियान झाले. ७ डिसेंबर २०२४ पासून देशात शंभर दिवसांची मोहीम चालली. तिच्यात सुमारे ७ लाख १९ हजार रुग्ण सापडले आणि त्यांतल्या २ लाख ८५ हजारांना लक्षणे नव्हती, असे केंद्र सरकारने जाहीर केले. मोठ्या प्रमाणावर एक्स-रे वापरल्याचे हे फळ आहे. पण महाराष्ट्रात डिसेंबरात घरोघर फिरणारी आशा स्वयंसेविका बीडच्या तांड्यावर जाईल तेव्हा दाराला कुलूप असेल; ऊसतोडीची टोळी दिवाळीच्या सुमारासच कारखान्याच्या पट्ट्यात गेलेली असते. कोयत्याच्या कुटुंबाला शोधायचे तर फडावरच्या कोप्यांमध्ये जावे लागेल, वीटभट्टीवर, खडी केंद्रावर जावे लागेल. फिरण्याचे वेळापत्रक लोकांच्या कामाच्या हंगामावर बेतायला हवे, सरकारी कॅलेंडरवर नव्हे.

शिवाय आपण बक्षीस कशाला देतो, तेही तपासले पाहिजे. ‘टीबीमुक्त पंचायत’ ठरण्याच्या निकषांत हजार लोकसंख्येमागे किमान तीस संशयितांची तपासणी हवी, हा निकष रास्त आहे. पण रुग्णांची नोंद हजारी एक किंवा त्याहून कमी असावी, हाही निकष त्यातच आहे. जी ग्रामपंचायत मनापासून शोधेल तिचे रुग्ण सुरुवातीला वाढणारच. मग प्रामाणिक गाव पुरस्कारातून बाद होईल आणि डोळे मिटून बसलेले गाव सन्मान मिळवेल. नोंदीची ही अट निदान पहिली काही वर्षे काढून टाकावी.

उपचार न मिळालेला, थुंकीतून जंतू पसरवणारा एक रुग्ण वर्षभरात दहा-पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज आहे. त्याच्या येण्याची वाट पाहण्याचा खर्च त्याच्या घरातली मुले आणि शेजारी भरतात. म्हणून सरपंच, आशा, गटप्रवर्तक आणि टीबीतून बरे झालेले गावकरी यांनी जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना किती घरे झाली हे विचारून थांबू नये. किती एक्स-रे काढले, सापडलेल्यांपैकी किती जणांची औषधे सुरू झाली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा कधी येणार, हे तीन प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत विचारावेत आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे.